यंत्राची वर्णनभाषा आणि कामगार



या व्यासपीठावर दरवर्षी मोठमोठी विद्वान माणसे येऊन गेली आहेत. मी विद्वान नव्हे. दहावीपर्यंत शाळा, मग प्रेस शॉपमध्ये हेल्पर, पुढे ऑपरेटर, आणि गेली सव्वीस वर्षे कामगार संघटनेचे काम, एवढीच माझी शिदोरी. तेव्हा चालकांनी विषय विचारला आणि मी 'अंकीय विद्युन्मंडलांची रचना व तिची वर्णनभाषा' असे सांगितले, त्या वेळी त्यांना ती थट्टाच वाटली. आपण बोनसवर बोलाल, किमान वेतनावर बोलाल, असे ते धरून चालले होते. मी त्यांना म्हणालो, "मी मजुरीवरच बोलणार आहे. पण मजुरी हल्ली जिथे मोजली जाते तिथपर्यंत तुम्हाला घेऊन जावे लागेल, आणि ती जागा नखाएवढ्या एका काळ्या तुकड्याच्या पोटात आहे."

गोष्ट २०१९ सालची. एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, नगावर भत्ता मिळत असे. प्रेसमधून पडलेला नग पन्हळीतून घसरत पेटाऱ्यात जाई. पन्हळीच्या तोंडाशी एक लिमिट स्विच होता. नगाचा धक्का लागला की स्विच दाबला जाई आणि आकडा एकाने वाढे. त्या वर्षी दोन प्रेसवर मोजणीच्या नव्या पेट्या बसवल्या, आणि महिनाभरात कुरबूर सुरू झाली. आमचे लोक जुन्या पद्धतीने खडूने रेघा ओढीत: चार उभ्या, पाचवी आडवी. एका पाळीत रेघांचा हिशेब ३,१२० निघाला आणि पेटीचा २,९८४. म्हणजे १३६ नग गेले कुठे?

मी शिष्टमंडळ घेऊन वर गेलो. जे अशा वेळी बोलायचे ते सगळे बोललो. चोरी, लूट, पिळवणूक, काही बाकी ठेवले नाही. समोरचा तरुण इंजिनिअर शांतपणे एवढेच म्हणाला, "साहेब, माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. वेतनश्रेणीचा तक्ता समोर टाका, मी त्यातली खोच दाखवीन. ताळेबंद द्या, रात्रभर बसून वाचीन. पण ही पेटी? तिच्यात वाचण्यासारखे काय असते, तेच मला ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी ओरडून परत आलो. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मनातून लाज वाटली, कारण आपण खरे बोललो की खोटे हेच मला कळत नव्हते.

आमच्याच एका सभासदाची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला विचारले, "मुली, मोजणारी पेटी आतून कशी असते?" ती म्हणाली, "काका, ती पेटी मी उघडून दाखवू शकत नाही. पण तुम्हाला तशी एक स्वतः लिहायला शिकवते." 'लिहायला' हा शब्द मला चमत्कारिक वाटला. पेटी बनवतात, जोडतात. लिहितात कशी?

तिने उत्तराची सुरुवात आमच्याच शॉपमधून केली. प्रत्येक मोटरीजवळ हिरवे आणि तांबडे बटण असते. हिरवे दाबले की मोटर सुरू होते आणि बोट काढले तरी चालूच राहते. का? तर कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याच्याच अंगचा एक छोटा संपर्क हिरव्या बटणाशेजारी जोडला जातो आणि बोटाचे काम पुढे तोच करीत राहतो. तांबडे दाबले की ही साखळी तुटते. आमचे वायरमन हे तीस-तीस वर्षे जोडीत आले आहेत. तिने ते एका ओळीत लिहिले: "चालू म्हणजे, हिरवे दाबलेले किंवा आधीपासून चालू, आणि तांबडे दाबलेले नाही." बस्स. एवढ्या वाक्यात अंकीय शास्त्राचा पाया आहे. 'आणि', 'किंवा', 'नाही' हे तीन शब्द म्हणजे तीन प्रकारची द्वारे. आणि 'आधीपासून चालू' हे शब्द म्हणजे स्मृती. ज्या मंडलाचे उत्तर फिरून त्याच्याच तोंडाशी येते, ते मंडल आठवण ठेवते.

'आणि', 'किंवा', 'नाही' यांचे गणित बांधणारा मनुष्य जॉर्ज बूल. त्याच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. इंग्लंडातील लिंकन गावच्या एका चांभाराचा हा मुलगा, जन्म १८१५ सालचा. सोळाव्या वर्षी घर चालवण्यासाठी शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून लागला. विद्यापीठाचे शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. गणित तो पुस्तकांवरून आपले आपण शिकला आणि १८४९ साली आयर्लंडातील कॉर्क येथे प्राध्यापक झाला. विचारांच्या नियमांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८५४ सालचा. पण मला त्याचे आकर्षण वाटते ते आणखी एका गोष्टीसाठी. दुकाने लवकर बंद व्हावीत, नोकरांना संध्याकाळ मोकळी मिळावी, यासाठी लिंकनमध्ये एक संस्था झटत होती. तिच्या सभासदांपुढे १८४७ साली बूलने भाषण केले, आणि त्याचा विषय होता फुरसतीचा योग्य उपयोग. कामाचे तास कमी झाले की माणसाने त्या वेळाचे काय करावे, हा आमच्या चळवळीचाच प्रश्न आहे. आपल्याकडे पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यामागची दृष्टीही फार वेगळी नसावी. दिवसाचे काम आटोपून आपण सर्वजण आज येथे बसला आहात, हा त्याच प्रश्नाला दिलेला जबाब आहे.

बूलचे हे गणित कित्येक वर्षे तर्कशास्त्राच्या पुस्तकांतच राहिले. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, रिले आणि स्विच यांच्या जोडण्या नेमक्या याच गणिताने मांडता येतात. तारांचे जंजाळ कागदावरच्या समीकरणात आले. समीकरण सोपे केले की तितकेच रिले वाचतात. चांभाराच्या मुलाचे गणित आणि आमच्या वायरमनची जोडणी यांची गाठ अशी पडली.

पुढे रिलेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, आणि एकेका तुकड्यावर द्वारांची संख्या हजारांवर, लाखांवर गेली. तोवर अभियंते मंडलाचे चित्र काढीत. शंभर द्वारांचे चित्र काढता येते. लाख द्वारांचे काढायचे तर भिंती पुरणार नाहीत, आणि काढले तरी तपासणार कोण? म्हणून चित्राऐवजी वर्णन लिहावे, अशी गरज उत्पन्न झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने व्हीएचडीएल ही भाषा घडली आणि १९८७ साली ती प्रमाण ठरली. दुसरी व्हेरिलॉग. ती १९८४ च्या सुमारास गेटवे नावाच्या एका लहान कंपनीत तयार झाली. त्या कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल, आणि भाषेच्या रचनेत मोठा वाटा फिल मूरबी यांचा. १९९५ साली तिलाही प्रमाणत्व मिळाले. अशा भाषांना हार्डवेअर डिस्क्रिप्शन लँग्वेज म्हणतात. मी आज त्यांना नुसते वर्णनभाषा म्हणेन.

आता आपण म्हणाल, वर्णन लिहिले तरी वस्तू कुठे आहे? ती सोयही झाली आहे. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने एक असा तुकडा बाजारात आणला की, ज्याच्यातली मंडले कारखान्यात कायमची ठरलेली नसतात. विकत घेणाराने ती आपल्या टेबलावर ठरवायची. त्या पहिल्या तुकड्यात अशी चौसष्ट घरे होती. याला एफपीजीए म्हणतात. मी जो वापरला त्यात १,२८० घरे आहेत. प्रत्येक घरात सोळा खणांचा एक छोटा तक्ता असतो आणि शेजारी एक स्मृतीची पेटी. चार तारांवर काय आले म्हणजे काय उत्तर द्यायचे, हे तक्त्यात भरलेले असते. आपण लिहिलेले वर्णन संगणक वाचतो, त्याचे असे तक्ते करतो, आणि कोणते घर कोणाला जोडायचे ते ठरवून तुकड्यात भरतो. बोटाएवढी ही पाटी नव्या सायकलीपेक्षा स्वस्त पडली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कारखाने बंद, सभा बंद, मोर्चे बंद. आयुष्यात प्रथमच मला फुरसत मिळाली. ती मुलगी फोनवरून शिकवी आणि मी शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजी पुस्तक वाची.

पहिला महिना मी निव्वळ वाया घालवला. कारण असे की, मी ते वर्णन गोष्टीसारखे वरून खाली वाचीत होतो: आधी हे घडते, मग ते घडते. एके रात्री ती म्हणाली, "काका, त्या दोन ओळींची अदलाबदल करा बरं." केली. काही फरक पडला नाही. "आता तिसरी सगळ्यात वर न्या." नेली. तरी फरक नाही. "अगं, मग क्रम कसला?" मी वैतागून विचारले. ती म्हणाली, "क्रम नाहीच! ही पाककृती नाही, काका, हा घराचा नकाशा आहे. नकाशात स्वयंपाकघर आधी काढलं की माजघर आधी काढलं, यानं घर बदलतं का?"

श्रोतेहो, या एका वाक्याने माझा महिना वसूल झाला. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची यादी: एक पाळायचा, मग पुढचा. वर्णनभाषेत हुकूम नसतात. तिथली प्रत्येक ओळ म्हणजे एक वस्तू, आणि सगळ्या वस्तू एकाच वेळी जाग्या असतात. कारखान्यात शंभर यंत्रे एकाच वेळी चालतात. पहिले थांबेपर्यंत दुसरे वाट बघत नाही. ज्याने कारखाना पाहिला आहे त्याला हे कळणे सोपे असायला हवे होते. पण पुस्तक हातात घेतले की माणूस पुस्तकासारखा विचार करू लागतो आणि डोळ्यांनी पाहिलेले विसरतो.

मग प्रश्न येतो: सगळेच एकदम चालू, तर गोंधळ का होत नाही? याचे उत्तर मला माझ्या लहानपणात सापडले. माझे वडील मुंबईस गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे आम्ही या गावी परत आलो. पण त्यापूर्वीची गिरणगावातली वर्षे मला आठवतात. घराघरांत घड्याळ नसे. भोंगा असे. भोंगा झाला की जुनी पाळी बाहेर आणि नवी आत. हजारो माणसे, पण हालचाल एका ठोक्यावर. अंकीय मंडलात असाच भोंगा असतो. माझ्या पाटीवरचा भोंगा सेकंदाला एक कोटी वीस लाख वेळा वाजतो. दोन भोंग्यांच्या मध्ये द्वारे आपापली उत्तरे शोधतात, आणि भोंगा वाजला की सर्व स्मृतिपेट्या ती उत्तरे एकदम उचलतात.

'एकदम' या शब्दावर मी अडखळलो होतो, म्हणून तो उलगडून सांगतो. दोन कामगारांनी डबे अदलाबदल करायचे आहेत. भोंगा होताच दोघांनी एकाच क्षणी आपला डबा पुढे केला तर अदलाबदल होते. पण आधी पहिल्याचा डबा दुसऱ्याच्या डब्यात ओतला आणि मग दुसऱ्याचा पहिल्याकडे आणला, तर दोघांच्याही पुढे एकच भाजी येईल आणि दुसरी कायमची नाहीशी होईल. व्हेरिलॉगमध्ये या दोन रीतींसाठी दोन वेगळी चिन्हे आहेत, एकदम देण्याचे वेगळे आणि पाठोपाठ देण्याचे वेगळे. नवशिक्याने भोंग्याच्या कामात पाठोपाठचे चिन्ह वापरले की एखादी भाजी नाहीशी झालीच म्हणून समजा. माझ्या अशा पुष्कळ भाज्या गेल्या.

दुसरी चूक मला फार शिकवून गेली. पेटारा भरला की दिवा लागावा, एवढेच मला हवे होते. मी लिहिले: "जर पेटारा भरला, तर दिवा लाव." पेटारा भरला, दिवा लागला. पेटारा रिकामा केला, दिवा लागलेलाच. मी मुलीला म्हणालो, "हे बिघडलंय." ती म्हणाली, "बिघडलं नाही. 'नाहीतर काय' हे तुम्ही लिहिलंच नाही. न लिहिलेल्या वेळी जुनंच चालू ठेवायचं, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून त्यानं तुम्ही न मागितलेली स्मृती तिथं बांधली." मी तिला म्हटले, "हे मला आधी का सांगितलं नाहीस? हे तर मी सव्वीस वर्षे जाणतो!" करारात 'अन्यथा' लिहायचे राहिले की पूर्वीची स्थिती कायम राहते, आणि मग त्या न लिहिलेल्या ओळीपायी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. यंत्रही करार वाचावा तसेच आपले लिहिणे वाचते. लिहिणाराच्या मनात काय होते याची ते चौकशी करीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मोजणीकडे येतो. भंगारात टाकलेला एक जुना लिमिट स्विच मी मागून आणला आणि पाटीला जोडला. पाटीवर पाच दिवे आहेत. द्विमान पद्धतीने ते शून्यापासून एकतीसपर्यंत आकडा दाखवतात. स्विच एकदा दाबला. एक दिवा लागायला हवा होता. लागले दोन, दुसरा आणि तिसरा, म्हणजे आकडा सहा! पुन्हा दाबला, आकडा एकदम चारने वाढला. मी एक नग दिला आणि यंत्राने सहा मोजले.

याचे कारण साधे आहे. धातूचा संपर्क धातूवर आदळतो तेव्हा तो चेंडूसारखा उसळतो. टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. काही हजारांश सेकंदांत हा खेळ आटोपतो. आपल्या बोटाला तो एकच स्पर्श वाटतो. पण सेकंदाला कोटी वेळा बघणाऱ्या यंत्राला प्रत्येक उसळी स्वतंत्र दिसते. यंत्र खोटे बोलत नाही हे खरेच. पण त्याला जे विचारले त्याचेच उत्तर ते देते. मी विचारले होते, 'स्पर्श किती झाले?' मला हवे होते, 'नग किती पडले?' हे दोन प्रश्न एक नव्हेत.

यावर उपाय असा. पहिला स्पर्श मोजायचा आणि लगेच दार बंद करायचे. संपर्क सुटून ठरावीक काळ सतत शांत राहिला, तरच दार पुन्हा उघडायचे. मी तो काळ सेकंदाचा पन्नासावा भाग धरला. माझ्या भोंग्याच्या हिशेबाने ते २,४०,००० ठोके झाले. लिहिले, आणि पहिला नग बरोबर मोजला गेला. त्यानंतर पेटी जी गप्प झाली ती झालीच. दोन दिवस डोके आपटले. शेवटी लक्षात आले की ठोके मोजायला मी सोळा बिटांची पेटी दिली होती. सोळा बिटांत ६५,५३५ च्या पुढे आकडा मावत नाही. तिथे पोचला की तो पुन्हा शून्यावर येतो. दोन लाख चाळीस हजार कधी होणारच नव्हते, म्हणून दार कधी उघडणारच नव्हते. अठरा बिट दिले आणि दार उघडले.

आणखी एक खाच होती. नग काही भोंगा ऐकून पडत नाही. तो मनाला येईल तेव्हा पडतो. भोंगा वाजता वाजताच कामगार फाटकात शिरला तर हजेरीचा कारकून घोटाळतो: वेळेवर म्हणू की उशिरा? स्मृतिपेटीही क्षणभर अशीच घोटाळते, शून्य की एक? म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक खबर एकामागे एक अशा दोन पेट्यांतून घ्यायची. पहिली घोटाळली तरी पुढच्या ठोक्यापर्यंत तिला मन ठरवायला वेळ मिळतो. धोका शून्य होत नाही, पण नगण्य होतो.

या सर्व चुका मी पाटीवर करण्याआधी संगणकावरच करून बघत असे. इकारस व्हेरिलॉग नावाचे एक साधन आहे. त्यात आपले मंडल लिहायचे, आणि त्याला छळणारे एक खोटे जगही लिहायचे: उसळणारा स्विच, जोडीने पडणारे नग. मग कोणत्या क्षणी कोणती तार वर गेली, कोणती खाली आली, याची रेघ दुसऱ्या एका साधनात दिसते. ही साधने फुकट मिळतात. माझ्या जातीच्या तुकड्यात माहिती कोणत्या रीतीने भरायची, हे तर बाहेरच्या काही चिकाट माणसांनी स्वतः उलगडून २०१५ साली जगापुढे मांडले. उत्पादकाने ते छापून दिले नव्हते. बंद पेटी उघडणारे लोक जगात आहेत, याचा मला त्या एकाकी दिवसांत आधार वाटला.

इथे एक सावधगिरीचे सांगितले पाहिजे. कारखान्यातली ती पेटी माझ्यासारखीच बनली होती असे मी म्हणत नाही. तिच्यात दुसऱ्या जातीचा तुकडा असेल. पण मोजणीचे तत्त्व एकच असते. म्हणून २०२१ साली कारखान्याचे चक्र पुन्हा सुरळीत झाले तेव्हा मी त्या इंजिनिअरकडे गेलो. या वेळी शिष्टमंडळ नव्हते. मी एकच प्रश्न विचारला: "मोजल्यानंतर दार पुन्हा उघडायला तुमची पेटी किती काळ थांबते?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्यासमोर पेटीची मांडणी उघडली. काळ होता सेकंदाचा पाचवा भाग.

आमच्या डायमधून एका दाबात दोन नग पडत. बहुधा ते मागेपुढे पडत, पण कधी कधी एकमेकांना चिकटून यायचे. सेकंदाच्या पाचव्या भागाहून कमी अंतराने आलेला दुसरा नग दार बंद असतानाच निघून जाई. आमचे १३६ नग तिथे हरवले होते.

एवढा काळ का ठेवला होता, हेही त्याने सांगितले. आणि श्रोतेहो, माझी खरी परीक्षा तिथे झाली. चार नंबरच्या प्रेसवर जुनी पेटी होती. तिचा आकडा गोदामातल्या नगांपेक्षा नेहमी जास्त येई. म्हणून नव्या पेट्यांत त्यांनी काळ भरपूर वाढवून ठेवला. आम्ही दोघांनी मिळून चार नंबरवर हाताने मोजून ५०० नग सोडले. पेटीने ५१७ दाखवले. संपर्क झिजला होता आणि उसळत होता. म्हणजे दोन प्रेसवर कामगारांचे नग बुडत होते आणि एका प्रेसवर न पडलेल्या नगांचे पैसे मिळत होते. चोरी कोणीच करीत नव्हते. पण कोणी कोणाला काही सांगतही नव्हते.

मी काय करायला हवे होते? बुडालेले मागून घ्यावे आणि चार नंबरविषयी गप्प बसावे? तसे सुचवणारेही होते. मी सभेत दोन्ही आकडे सांगितले. चार नंबरचे ऑपरेटर उठून म्हणाले, "तुम्ही शिकलात आणि आमच्याच पोटावर पाय दिलात." दोघे-तिघे अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे दुःख मला कळते. महिन्याच्या हिशेबातून काही रुपये गेले ही गोष्ट लहान नव्हे. पण ज्या मोजणीला मी खोटी म्हणून आव्हान दिले, तीच माझ्या सोयीची असली की खरी, असे म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

२०२२ च्या करारात एक नवे कलम आले. मोजणीच्या पेटीतला थांबण्याचा काळ किती, तो आकडा करारात लिहिला आहे. दोन्ही बाजूंना कळवल्याशिवाय तो बदलायचा नाही. आणि दर महिन्याला दोन्ही बाजूंसमोर ५०० नग हाताने मोजून पेटीशी ताडून बघायचे. कलमाच्या शेवटी, आकडा जुळला नाही तर त्या पाळीचा हिशेब हातमोजणीने धरावा, अशी 'नाहीतर'ची ओळ मी आग्रहाने घालून घेतली. ती कुठे शिकलो, हे आपल्याला आता ठाऊक आहे.

ज्या मंडळींना वाटते की ही तज्ज्ञांची कामे, आपल्याला काय त्याचे, त्यांना मला एवढेच सांगायचे आहे की, मी तज्ज्ञ झालो नाही. मोठ्या तुकड्याची रचना करणे मला या जन्मी साधणार नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा, एवढे मला कळले, आणि एका प्रश्नाने जे काम झाले ते माझ्या दहा भाषणांनी झाले नव्हते. आज विजेचा मीटर, रिक्षाचा मीटर, पेट्रोलचा पंप, दुधाच्या डेअरीवरचा काटा, सगळे अशा तुकड्यांवर चालते. त्यांतले प्रत्येक मोजमाप कोणीतरी लिहिलेले असते, आणि लिहिणाराने कुठेतरी एक काळ, एक मर्यादा, एक 'नाहीतर' ठरवलेले असते. ते आपल्याला विचारता आले पाहिजे. यंत्राला देव मानणारा आणि यंत्राला सैतान मानणारा, दोघेही ते न उघडताच परत जातात. मीही २०१९ साली तसाच परत गेलो होतो.

ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. आमच्या संघटनेच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती बसतो. दोन वायरमन आहेत, एक आयटीआयचा विद्यार्थी आहे, आणि मला सांगायला आनंद वाटतो की चार नंबरच्या प्रेसवरचा एक ऑपरेटर गेल्या महिन्यापासून येऊ लागला आहे. पहिल्या दिवशी त्याने तो भंगारातला स्विच दाबून पाहिला, दिव्यांकडे बघितले आणि म्हणाला, "एकदाच दाबला ना मी?" तेथून त्याचे शिक्षण सुरू झाले. आपल्यापैकी कोणाला यावेसे वाटले तर दार उघडे आहे.